आबा आत आहेत आणि आजारी आहेत: घरच्यांनी करायची कामं

घरात म्हातारा माणूस कण्हला तर कुणीतरी उठून पाणी देतं, रिक्षा बोलावतं. तुरुंगात ते कण्हणं आधी बराकीच्या हवालदाराकडे जातं, मग जेल डॉक्टरकडे, मग अधीक्षकाकडे, तिथून पोलीस मुख्यालयाकडे आणि पुष्कळदा न्यायाधीशाच्या टेबलापर्यंत. या प्रत्येक टेबलावर पोचतो तो कागद. कागद नसेल तर आजारच नसतो. म्हणून सत्तरीपुढचा, जुन्या दुखण्यांचा माणूस तुरुंगात गेला की घरच्यांनी वकील शोधायच्या बरोबरीनं, शक्य तर आधीच, कागद तयार करायला बसावं.

खालची कृती महाराष्ट्रातल्या कारागृहांना धरून लिहिली आहे. गोव्यात कोलवाळच्या कारागृहात किंवा दुसऱ्या राज्यात कार्यालयांची नावं बदलतील, कामांचा क्रम तोच राहील. सोयीसाठी आत असलेल्या माणसाला आबा म्हणू. साखर, रक्तदाब, एकदा येऊन गेलेला हार्टअटॅक, गुडघे कामातून गेलेले. गुन्हा कोणता, केला की नाही केला, याच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. न्यायालय माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतं. त्याचं इन्सुलिन काढून घ्यायची शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही.

एक आकडा आधीच लक्षात घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या तुरुंगांत १,९९५ बंदी मेले आणि त्यांतल्या १,७७३ मृत्यूंची नोंद ‘नैसर्गिक’ अशी आहे. नैसर्गिक म्हणजे बहुतेक वेळा आजारानं. मारहाण आणि आत्महत्येच्या बातम्या होतात. हृदय आणि फुप्फुसाच्या दुखण्यानं गेलेल्यांच्या होत नाहीत.

१. एक पानाचं आजार-पत्रक

जुन्या फायली जशाच्या तशा कारागृहात नेऊन देऊ नका. तिथला वैद्यकीय अधिकारी एकटा किंवा दुकटा असतो आणि त्याच्यासमोर रोज मोठी रांग असते. त्याला एक पान द्या. वर आबांचं नाव, वय, बंदी क्रमांक. खाली आजार आणि प्रत्येक आजार कोणत्या वर्षापासून आहे ते. मग औषधं: कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. कशाची ॲलर्जी आहे. शस्त्रक्रिया, स्टेंट, पेसमेकर. पेसमेकर असेल तर ते लाल शाईत लिहा.

याच पानावर शेवटी चार ओळी अशा लिहा, ज्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतात. आबा किती चालू शकतात? उकिडवं बसता येतं का? रात्री किती वेळा लघवीला उठतात? कवळी आहे का, कोणत्या कानानं ऐकू येतं, चष्म्याचा नंबर काय? आत जातानाची स्थिती अशी नोंदलेली असली म्हणजे सहा महिन्यांनी काय बिघडलं हे दाखवता येतं. ही नोंद नसेल तर सरकारी वकील म्हणणार की आजार जुनाच आहे, तुरुंगामुळे काही झालेलं नाही.

नवा बंदी दाखल झाला की त्याची वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवायची हा नियम १८९४च्या तुरुंग कायद्यापासूनचा आहे. कारागृहात रुग्णालय असावं हेही त्याच कायद्यानं सांगितलेलं आहे. त्यामुळे आजार-पत्रक शक्यतो दाखल होण्याच्या दिवशीच, नाहीतर पहिल्या आठवड्यात द्या. अधीक्षकांच्या नावानं अर्ज, सोबत पत्रक आणि मोजक्या रिपोर्टांच्या झेरॉक्स. आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा. मूळ रिपोर्ट कधीही आत देऊ नका.

त्याच भेटीत आणखी एक काम उरकून घ्या. आबांच्या सहीचं एक संमतीपत्र: ‘माझ्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती माझी मुलगी अमुक हिला द्याव्यात.’ वकीलपत्रावर जशी तुरुंगाधिकाऱ्यासमोर सही होते तशीच यावर करून घ्या. पुढे माहितीच्या अधिकारात केसपेपर मागाल तेव्हा ‘ही त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती आहे’ असं उत्तर येण्याची दाट शक्यता असते. हे पत्र जोडलेलं असलं की त्या उत्तराला जागा उरत नाही.

२. औषधाची वेळ आणि तुरुंगाची वेळ

डॉक्टरांनी बाहेर लिहून दिलेली वेळ घरच्या दिनक्रमाला धरून असते. तुरुंगाचा दिनक्रम निराळा. संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमाराला वाटलं जातं आणि अंधार पडायच्या आत बराकी बंद होतात. बंद झालेली बराक सकाळी उघडते. मधुमेही माणसासाठी हा बारा-तेरा तासांचा उपास आहे. बाहेर असताना रात्री नऊला जेवणारे आबा जो डोस घेत होते तोच आत पाच वाजता घेतला आणि पुढे काही खाल्लं नाही, तर पहाटे साखर उतरून घाम फुटेल, जीभ अडखळेल, आणि शेजारचा बंदी म्हणेल की म्हातारा झोपेत बरळतोय.

म्हणून घरच्या डॉक्टरांकडे जा, आतलं वेळापत्रक त्यांना सांगा आणि त्याप्रमाणे डोस बदलून लिहून घ्या. ती चिठ्ठी जेल डॉक्टरकडे द्या. निर्णय त्यांचाच, पण त्यांच्या हाती काहीतरी असेल. सोबत दोन विनंत्या करा: रात्रीसाठी कँटीनची बिस्किटं आणि थोडी साखर जवळ ठेवू द्यावी, आणि शेजारच्या दोन बंद्यांना साखर उतरल्याची लक्षणं समजावून सांगावीत. दुसरी विनंती पाहून कार्यालयातले हसतात. हसू द्या. रात्री दोन वाजता आबांजवळ असणार ते हे दोघेच.

इन्सुलिनची सुई सहसा बराकीत ठेवू देत नाहीत. आबांना दवाखान्यात जाऊन टोचून घ्यावं लागतं. तिथवर चालवतं का, हे विचारा. पार्किन्सन्सच्या गोळ्या तासाला बांधलेल्या असतात. एक वेळ चुकली की हात-पाय आखडतात, घास गिळता येत नाही. रक्त पातळ करायची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी लागते. ती तारीख पत्रकात घाला, कारण गोळी देत राहणं सोपं आणि तपासणी विसरणं त्याहून सोपं.

गोळ्यांइतकंच बसण्या-झोपण्याचं पाहावं लागतं. जमिनीवर दरी टाकून झोपलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाला रात्री तीनदा उठायचं म्हणजे तीनदा पडायची संधी. मांडीचं हाड मोडलेला म्हातारा पुन्हा उभा राहीलच याची खात्री नसते. जेल डॉक्टरकडून केसपेपरवर नेमके शब्द लिहून घ्या: खाट द्यावी, कमोड खुर्ची द्यावी, वैद्यकीय आहार द्यावा, काठी जवळ ठेवू द्यावी. ‘वृद्ध आहेत, काळजी घ्यावी’ असं लिहिलेल्या कागदाला काही किंमत नाही. खटला चालू असलेल्या, म्हणजे न्यायाधीन बंद्याला आजाराच्या कारणावरून घरचं जेवण मिळावं असा अर्ज खटल्याच्या न्यायालयात करता येतो, आणि मऊ जेवण लागतं हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर असेल तर तो मंजूर होण्याची शक्यता बरी असते.

साध्या वस्तूसाठी न्यायालयात जावं लागेल यावर विश्वास बसत नसेल तर स्टॅन स्वामींचं उदाहरण आठवा. जेझुइट धर्मगुरू, वय ८३, पार्किन्सन्स, भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२०मध्ये अटक होऊन तळोजा मध्यवर्ती कारागृहात. हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नव्हता. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून नोव्हेंबरात विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला. पार्किन्सन्स हा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेला आजार आहे. आबांना तो असेल, किंवा लकवा, अंधत्व, बहिरेपण असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करा. ‘मेहरबानी करून सिपर द्या’ आणि ‘कायद्यानं दिलेली सोय द्या’ या दोन अर्जांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.

३. मुलाखतीत काय पाहायचं

मुलाखत म्हणजे घरच्यांची तुरुंगातली भेट. तिच्यात ‘बरे आहात ना?’ हा प्रश्न विचारू नका. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याचं एकच उत्तर देतात: ‘माझं काय, चाललंय.’ त्याऐवजी नेमकं विचारा. शेवटची साखर कधी तपासली, किती आली? पांढरी छोटी गोळी मिळते का? काल रात्री किती वेळा उठलात? पाय दाबून बघा, खड्डा पडतो का? सदरा मागच्या वेळेपेक्षा ढगळ झालाय का, श्वास घ्यायला वाक्य मध्येच तोडतात का, नातवाचं नाव आठवतंय का, हे तुम्ही स्वतः पाहा. व्हिडिओ मुलाखतीत नुसता चेहरा दिसतो. एकदा उभं राहून चालून दाखवायला सांगा.

घरी आल्यावर वहीत तारीख टाकून चार ओळी लिहा. वजन कमी होत गेल्याची सलग नोंद न्यायालयात उपयोगी पडते.

विसरभोळेपणाकडे विशेष लक्ष द्या. स्मृतिभ्रंश झालेला माणूस गिनतीला उभा राहत नाही, दुसऱ्याच्या अंथरुणावर जाऊन बसतो, आणि त्याची नोंद शिस्तभंग म्हणून होते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी असा अर्ज करा.

४. हॉस्पिटलची तारीख आणि पोलीस गार्ड

येरवड्याचा बंदी ससूनला जातो, आर्थर रोडचा जे. जे.ला, नागपूरचा मेडिकलला. कारागृहाच्या दवाखान्यात तज्ज्ञ नसतात, तेव्हा हृदय, किडनी, कॅन्सर यांसाठी बाहेर न्यावंच लागतं. बाहेर न्यायला पोलीस गार्ड लागतो, तो पोलीस मुख्यालय देतं आणि मुख्यालयाकडे त्या दिवशी सभा, मोर्चे, सण, मंत्र्यांचे दौरे असतात. आबांची तारीख चुकते ती बहुतेक इथे. यात कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही, पण दोनदा तारीख हुकली की तीन-चार महिने गेलेच.

तारखेच्या दहा-बारा दिवस आधी अर्ज द्या. असा:

‘मा. अधीक्षक, … मध्यवर्ती कारागृह. विषय: बंदी क्र. … यांची दि. … रोजीची हृदयरोग विभागातील तपासणी. माझे वडील श्री. … यांना … रुग्णालयाने वरील तारीख दिली आहे. केसपेपरची प्रत जोडली आहे. ही तपासणी चुकल्यास रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस ठरवता येणार नाही. त्या दिवशीच्या गार्डसाठी आपण पोलीस मुख्यालयास पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक कळवावा. काही कारणाने तारीख चुकल्यास कारण लेखी द्यावे, ही विनंती.’

या अर्जाचा जीव जावक क्रमांकात आहे. तो मागितला की पत्र खरंच पाठवावं लागतं. एक प्रत वकिलामार्फत खटल्याच्या न्यायालयात द्या. तारीख एकदा हुकली असेल तर ‘अमुक तारखेला रुग्णालयात हजर करावे आणि पोलीस आयुक्तांनी गार्ड पुरवावा’ असा आदेशच मागा.

काहीच कळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात कलम ७(१)चा उल्लेख ठळक करा. माणसाच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते. तीस दिवस थांबायचं नसतं.

५. सुटकेचा अर्ज

कुटुंबं इथे थांबून राहतात. ‘जास्त झालं तर अर्ज करू’ म्हणतात. जास्त होतं तेव्हा अर्ज लिहायला, अहवाल यायला आणि सुनावणी व्हायला लागणारे आठवडे आबांकडे नसतात. स्टॅन स्वामी उच्च न्यायालयाच्या आदेशानं २८ मे २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गेले. ५ जुलैला त्यांच्या जामिनाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर पुकारलं गेलं तेव्हा डॉक्टरांनी न्यायाधीशांना सांगितलं की ते त्याच दुपारी गेले. निदान झालं की अर्ज करायचा. अवस्था बिघडेपर्यंत थांबायचं नाही.

आबा न्यायाधीन असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८० आजारी किंवा अशक्त व्यक्तीला जामीन देण्याची मुभा न्यायालयाला देतं. आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या (पीएमएलए) कडक कलम ४५मध्येसुद्धा आजारी आणि अशक्तांसाठी अपवाद आहे. बेकायदा कारवायांविरुद्धच्या यूएपीए कायद्यात तसा अपवाद लिहिलेला नाही, तरी तेलुगू कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१मध्ये सहा महिन्यांचा आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२२मध्ये कायम जामीन प्रकृतीच्याच कारणावर दिला. दुसरा रस्ता कलम ४७९चा: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्यानं एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर सुटका. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. हा अर्ज करणं अधीक्षकांचंही काम आहे, त्यांना लेखी आठवण द्या.

जामिनाची लढाई जिंकली किंवा हरली जाते ती वैद्यकीय अहवालात. न्यायालय कारागृहाकडून अहवाल मागतं, आणि तिकडून दोन ओळी येतात: ‘प्रकृती स्थिर, उपचार सुरू.’ त्या दिवशी रक्तदाब आणि नाडी ठीक होती एवढाच त्याचा अर्थ, पण वाचणाऱ्याला वाटतं आबा बरे आहेत. म्हणून नुसता अहवाल मागू नका. जे. जे., ससून किंवा जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून तपासणी मागा आणि मंडळाला विचारायचे प्रश्न अर्जातच लिहून द्या. आजार कोणत्या टप्प्यात आहे? लागणारे उपचार कारागृहाच्या दवाखान्यात होऊ शकतात का, होय किंवा नाही? किती दिवसांनी रुग्णालयात न्यावं लागेल? आंघोळ, शौच, कपडे, जेवण यांतलं काय स्वतः करू शकतात? रात्री अचानक बिघडलं तर किती वेळात मदत पोचायला हवी? उपचार लांबले तर काय होईल? असे प्रश्न समोर असले की मंडळाला ‘स्थिर’ लिहून सुटता येत नाही.

अटी नीट वाचा. राव यांना जामिनावर असताना मुंबई सोडता येत नव्हती. हैदराबादच्या कुटुंबाला मुंबईत घर भाड्यानं घ्यावं लागलं. आबांचं गाव दूर असेल तर उपचार आणि राहणं गावी व्हावं, आणि हजेरी जवळच्या पोलीस ठाण्यात लागावी, ही विनंती पहिल्याच अर्जात करा. जामीनदार मिळत नसेल, रक्कम परवडत नसेल, तर गरीब बंद्यांसाठीच्या २०२३च्या केंद्रीय योजनेतून जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

आबांना शिक्षा झालेली असेल, म्हणजे ते सिद्धदोष बंदी असतील, तर आधी पाहा की अपील बाकी आहे का. असेल तर कलम ४३० खाली शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा, वैद्यकीय मंडळाची सगळी तयारी वरच्यासारखीच. अपील संपलं असेल तर रजा. १९५९च्या नियमांप्रमाणे संचित रजा, म्हणजे फर्लो, ठरावीक शिक्षा भोगल्यावर मागता येते, तिला कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, कारणावर मिळते, ती विभागीय आयुक्तांकडे जाते आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. काही गुन्ह्यांना रजा नाही. नकार आला तर उच्च न्यायालयात रिट करता येतं आणि महाराष्ट्रात अशी रिटं नेहमी चालतात.

कायमच्या सुटकेसाठी मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव असतो. तो अधीक्षकांमार्फत शासनाकडे जातो. फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल तर कलम ४७५ प्रमाणे चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगावीच लागतात. राज्यपाल आणि राष्ट्रपतींच्या माफीच्या अधिकाराला मात्र ही मर्यादा नाही. कोणत्या वर्षीचं धोरण लागू होतं यावर सगळं अवलंबून असतं. जन्मठेप भोगणाऱ्या अरुण गवळी यांनी ६५ वर्षांवरच्या अशक्त बंद्यांसाठीच्या २००६च्या धोरणाचा आधार घेतला, नागपूर खंडपीठानं एप्रिल २०२४मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं जूनमध्ये त्याला स्थगिती दिली. म्हणजे शिक्षा लागली तेव्हाचं आणि आजचं, दोन्ही धोरणं वकिलासमोर ठेवा.

स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात केंद्रानं साठीवरच्या, निम्मी शिक्षा भोगलेल्या पुरुष बंद्यांसाठी आणि मरणासन्न आजारी बंद्यांसाठी विशेष माफी जाहीर केली होती. तिच्यातून गंभीर गुन्हे वगळले होते. अशा योजना राष्ट्रीय दिनांच्या आसपास येतात आणि जातात. जुलैच्या आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कारागृहात जाऊन यादी निघाली आहे का विचारा.

वकील परवडत नाही, ही अडचण मानू नका. कोठडीतल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. डिसेंबर २०२४मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणानं वृद्ध आणि मरणासन्न बंद्यांसाठी खास मोहीमही सुरू केली होती. अर्जात तिचा उल्लेख करा.

६. शेवटचे महिने

कधीकधी सगळे अर्ज फेटाळले जातात आणि आजार थांबत नाही. तेव्हा लढाईचं लक्ष्य बदलावं लागतं: दुखू नये, घाण होऊ नये, आणि माणसं भेटावीत.

कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिन चालतं. २०१४च्या कायदादुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त रुग्णालयांना ठेवता येतं. टाटा मेमोरिअलसारख्या ठिकाणी वेदनाशमन विभाग आहे. कारागृहाच्या दवाखान्यात ते असेल असं धरून चालू नका. डिस्चार्ज कार्डवर ‘दुखल्यास गोळी’ असं लिहून आलं तर ते परत करा. तारखेवार, तासावार डोस लिहून हवा, मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस हवा आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध हवं, कारण मॉर्फिननं हमखास बद्धकोष्ठ होतो. रात्री बराक बंद झाल्यावर तो जादा डोस कोण देणार, गोळी कुणाच्या ताब्यात असणार, हे अधीक्षक आणि डॉक्टर दोघांकडून लेखी घ्या. उत्तर ‘कुणी नाही’ असं असेल, तर रुग्णालयात ठेवण्याचा किंवा जामिनाचा सगळ्यांत भक्कम मुद्दा तुम्हाला तिथेच मिळतो.

न्यायालयानं सोडलं तर नेणार कुठे, हे आधी ठरलेलं असावं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून मरणासन्न कॅन्सर रुग्णांना सांभाळतं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. तिथे जागा आहे असं पत्र अर्जाला जोडा. ‘सुटल्यावर जातील कुठे?’ हा प्रश्न न्यायाधीश विचारतातच.

रुग्णालयात आबांचा पाय खाटेला बेडीनं बांधलेला दिसला तर घाबरू नका आणि गार्डशी भांडूही नका. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं नेमक्या याच गोष्टीवर निकाल दिलेला आहे. गुवाहाटीच्या रुग्णालयात बंदी खाटेला जखडलेले पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पाहिले आणि न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बेड्या नकोत, असं न्यायालयानं सांगितलं. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि वकिलाला कळवा.

आबा शुद्धीत आहेत तोवर शस्त्रक्रियेची संमती त्यांचीच, अधीक्षकांची नाही. व्हेंटिलेटर नको असेल तर तेही त्यांनीच सांगायचं. जगण्याच्या शेवटाबद्दलचं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानं मान्य झालं आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: लेखी, दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि आपल्या वतीनं बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं. बंद्यांना त्यातून वगळलेलं नाही. मे २०२४मध्ये गोव्यात पहिलं असं इच्छापत्र उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी केलं. तुरुंगातल्या आबांसाठी साक्षीदार आणि नोटरी बाहेरचे असावेत, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत आणावेत. कारागृहाचेच अधिकारी साक्षीला असतील तर पुढे संशयाला जागा राहते, आणि त्या अधिकाऱ्यांनाही ते नको असतं.

शेवटच्या दिवसांत जवळच्यांना भेटू द्यावं, अंगावर कुणाचा हात असावा, एवढी विनंती न्यायालयं सहसा नाकारत नाहीत. ती मागावी लागते. नातेवाइकांची नावं आणि आधार क्रमांक अर्जातच द्या, दर भेटीला नवा अर्ज नको.

७. गेल्यानंतर

रुग्णालय खासगी असलं तरी आबा कोठडीत असताना गेले तर तो कोठडीतला मृत्यू. न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी, पंचनामा आणि शवविच्छेदन होतंच, मृत्यू कितीही स्वाभाविक असो. शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचं म्हणणं आहे. मृतदेह हाती यायला वेळ लागतो, तेव्हा गावाकडच्यांना अंत्यविधीची वेळ आधी कळवू नका. घरच्या कुणीतरी पंचनाम्याला हजर राहा. हातात आजार-पत्रक, पोचा आणि मुलाखतींची वही असू द्या, आणि चौकशीत लेखी जबाब द्या. शवविच्छेदन अहवाल, केसपेपर, मृत्यूचा दाखला, खात्यात उरलेले पैसे आणि कपडे यांच्यासाठी एकच अर्ज करा.

एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं कोठडीतल्या अनैसर्गिक मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण ठरवलं. वैद्यकीय निष्काळजीनं मृत्यू झाल्याचं सिद्ध झालं तर पाच लाख, म्हातारपण किंवा दीर्घ आजारानं झाला तर काही नाही. पाच लाख की काही नाही, हे चुकलेली प्रत्येक तारीख आणि त्यावरचं लेखी कारण ठरवतं.

आबा जामिनावर किंवा रजेवर असताना घरी वारले तर यातलं काही नाही. डॉक्टरांचा दाखला घ्या, पोलीस ठाणं, न्यायालय आणि कारागृहाला लेखी कळवा.

ही सगळी कामं करायला ज्यांना कुणीच नाही असे आबाही आत आहेत. त्यांना मुलाखतीला कुणी येत नाही, त्यांची वही कुणी लिहीत नाही. तुम्ही निवृत्त डॉक्टर, परिचारिका, शिक्षक असाल आणि तुमच्या गावात कारागृह असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या, आणि पहिलं काम म्हणून साठीवरच्या बंद्यांची यादी आणि प्रत्येकाचं एक पानाचं आजार-पत्रक मागा.